युस्टनला मेगाब्लॉक असताना बर्मिंगहॅम गाठायचं तर

मुंबईत वाढलेल्या माणसाला रविवारचा मेगाब्लॉक नवा नाही. पेपरात चौकट येते: अमुक ते तमुक जलद मार्ग बंद, हार्बरच्या प्रवाशांना त्याच तिकिटावर मेन लाइनने जायची मुभा. आपण दोन शिव्या घालतो, तासभर जास्त धरतो आणि निघतो. तिकीट मात्र तेवढंच असतं. ब्लॉक आहे म्हणून दहा रुपयांच्या तिकिटाचे कुणी पस्तीस मागत नाही.

इंग्लंडात नेमकं इथेच गणित फिरतं. रूळ, ओव्हरहेड वायर, पूल यांची कामं इथेही शनिवार-रविवारी आणि बँक हॉलिडेला काढतात. पण लांब पल्ल्याच्या भाड्याची चाल विमानासारखी आहे. त्यामुळे ब्लॉकच्या शनिवारी गाडी रडतखडत जाते, मध्ये बसमध्ये बसवते, आणि वर ॲप एरवीपेक्षा दुप्पट भाडं दाखवतं. बसने नेलं म्हणून कुणी भाडं कमी करत नाही.

बर्मिंगहॅमला माझ्या मावसबहिणीचं डोहाळजेवण होतं. लंडनहून निघणारे आम्ही चौघं: मी, बायको, आठ वर्षांची लेक आणि पुण्याहून आलेली आई. शनिवार-रविवार लंडनचं युस्टन स्टेशन ते मिल्टन कीन्स बंद. बहिणीचा फोन आला, "दादा, तिकिटं काढलीस का? मला ॲपवर भलतेच पैसे दिसतायत." ते भलतेच पैसे कसे टाळायचे, हे तिला समजावताना जे बोललो ते जरा नीट मांडून ठेवतोय. गाव तुमचं वेगळं असेल, पण पर्याय साधारण असेच समोर येतात.

आधी घाई आवरा

इथे ॲडव्हान्स नावाचं स्वस्त तिकीट असतं. ते एका ठरावीक गाडीपुरतंच चालतं. एरवी ते साधारण १२ आठवडे आधी विक्रीला येतं, पण ब्लॉकच्या शनिवार-रविवारचं वेळापत्रकच उशिरा पक्कं होतं. गाड्या ठरल्याशिवाय ॲडव्हान्स निघत नाही. दोन-अडीच महिने आधी हौसेने ॲप उघडलंत तर तिथे फक्त महागडं, कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट दिसतं. आपल्याला वाटतं स्वस्त तिकिटं संपली. ती संपलेली नसतात, अजून आलेलीच नसतात.

यात मी एकदा सपशेल फसलोय. अशाच एका ब्लॉकसाठी दहा आठवडे आधी एका ॲपवरून चार महागडी तिकिटं काढली, वर बुकिंग फी भरली. महिन्याभराने सहज बघितलं तर त्याच दिवशीची ॲडव्हान्स तिकिटं निम्म्याहून कमी पैशांत होती. बुकिंग फी तर कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवर लागतही नाही.

ऑफ-पीक नावाचं, गर्दीच्या वेळा सोडून चालणारं जे मधलं तिकीट आहे, त्याचं भाडं ठरलेलं असतं. प्रवासाची तारीख जवळ आली म्हणून ते वाढत नाही, आणि 'हाउसफुल' होत नाही. शनिवार-रविवारी बहुतेक मार्गांवर ते दिवसभर चालतं. म्हणजे ॲडव्हान्सची वाट बघण्यात धोका जवळपास शून्य. फार तर प्रवासाच्या दिवशी ऑफ-पीकच्या दराने जाल. बहिणीला मी म्हटलं, "ऑफ-पीकचा आकडा कागदावर लिहून ठेव. त्याच्या वर एक पौंडही द्यायचा नाही." हाच आपला छप्पर-भाव. याला एक अपवाद लक्षात ठेवा: लंडनहून न्यूकॅसल, एडिंबराच्या बाजूला जाणाऱ्या एलएनईआर कंपनीने २०२४ पासून तिथली ऑफ-पीक तिकिटं काढून टाकलीत. तिथे उशीर केला तर खरोखर महागात पडतं.

तीन रस्ते

लंडन ते बर्मिंगहॅम तीन कंपन्या नेतात. अवांती युस्टनहून सुमारे एक तास वीस मिनिटांत बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनला पोचवते. लंडन नॉर्थवेस्टर्न त्याच रुळांवरून थांबत थांबत दोन तासांहून जास्त घेते. चिल्टर्न लंडनच्याच मॅरिलबोन स्टेशनहून हाय वायकम, बॅनबरी, लेमिंग्टन स्पा असा निराळाच मार्ग धरते आणि पावणेदोन-दोन तासांत मूर स्ट्रीटला सोडते. मूर स्ट्रीट ते न्यू स्ट्रीट चालत दहा मिनिटंसुद्धा नाहीत.

एरवीच्या दिवशी हिशोब सोपा असतो. घाई असेल तर अवांती, पैसे वाचवायचे तर नॉर्थवेस्टर्न, आणि चिल्टर्न दोघांच्या मध्ये. ब्लॉकच्या दिवशी तो पार उलटतो. अवांतीला आपण जास्त पैसे देतो ते वेगाचे. मिल्टन कीन्स ते रग्बी बंद असेल तर गाड्या नॉर्थॅम्प्टनवरून वळसा घालून जातात. युस्टनची बाजू बंद असेल तर बऱ्याचदा मिल्टन कीन्सहून बेडफर्डपर्यंत बस आणि बेडफर्डहून लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनची गाडी, असा द्राविडी प्राणायाम असतो. वेग गेलाच, तर त्याचं भाडं कशासाठी भरायचं? माझं मत स्पष्ट आहे: युस्टनच्या बाजूला ब्लॉक असेल तर फक्त अवांतीला चालणारं तिकीट काढू नका, कितीही स्वस्त दिसलं तरी. सोबत बॅगा आणि म्हातारं माणूस असेल तर अजिबातच नको.

नॉर्थवेस्टर्नचं 'फक्त आमच्याच गाडीला' असं बांधलेलं तिकीट सगळ्यांत स्वस्त असतं आणि एरवी मी डोळे मिटून तेच घेतो. पण रूळ तेच, त्यामुळे ब्लॉकही तोच. असं तिकीट हातात असताना युस्टन बंद पडलं, तर दुसऱ्या कंपनीची गाडी चालेल की नाही हे त्या दिवशीच्या सूचनेवर ठरतं. हार्बरवाल्यांना मेन लाइनची मुभा मिळते, तसाच हा प्रकार. इथे त्याला 'तिकीट ॲक्सेप्टन्स' म्हणतात. जाहीर झाली असेल तर उत्तम, पण गृहीत धरू नका. नॅशनल रेलच्या साइटवर ब्लॉकचं पान असतं, त्यात कुठलं तिकीट कुठे चालेल ते लिहिलेलं असतं. त्या पानाचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये ठेवा. टीसी भला असतोच, पण त्याच्यासमोर उभं राहून नेटवर्क शोधत बसायची वेळ येऊ नये.

'एनी परमिटेड' असं लिहिलेलं तिकीट या तिन्ही मार्गांनी चालतं. थोडं महाग, पण ब्लॉकच्या दिवशी त्याची खरी किंमत वसूल होते, कारण सकाळी उठून जो मार्ग जिवंत असेल तो धरता येतो.

आणि चिल्टर्न? युस्टन बंद असताना हाच सरळ मार्ग आहे. अर्थात हे सगळ्या लंडनला माहीत असतं. मॅरिलबोन हे जेमतेम सहा फलाटांचं छोटंसं स्टेशन. ब्लॉकच्या शनिवारी सकाळी तिथल्या पाटीखाली तीनशे माणसं माना वर करून उभी असतात, फलाटाचा आकडा उमटला की सगळी एकदम सुटतात. ठाण्याला दोन नंबरची गाडी चारवर येतेय अशी अनाउन्समेंट झाल्यावर जे होतं, तेच. फक्त इथे लोक पळताना 'सॉरी' म्हणतात. जागा आरक्षित होत नाही. जो चढेल, त्याची जागा. म्हणून अर्धा तास आधी जा. गाडी मॅरिलबोनहूनच सुटते, तेव्हा वेंबलीला राहत असलात तरी एक खेप उलटं जाऊन तिथेच चढणं शहाणपणाचं. शिवाय चिल्टर्नवरही कधी कधी ब्लॉक असतो, तेही बघून ठेवा.

चौथा रस्ता ॲप स्वतःहून सुचवतं: पॅडिंग्टन, रेडिंग, ऑक्सफर्ड करत क्रॉसकंट्री कंपनीच्या गाडीने बर्मिंगहॅम. ब्लॉक आला की यंत्र बिचारं जो मार्ग जुळेल तो जुळवतं आणि त्याचं भाडं समोर ठेवतं. बहिणीला दिसलेले भलतेच पैसे याचेच होते. गाडीची वेळ बघण्याआधी 'व्हाया' काय लिहिलंय ते वाचायची सवय लावा, निम्मं नुकसान तिथेच टळतं.

तुकड्यांची तिकिटं

एका प्रवासाची दोन-तीन तिकिटं काढून पैसे वाचवायची युक्ती इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक आहे. ती पूर्ण नियमात बसते. जिथे तिकीट तोडलंय त्या स्टेशनवर गाडी थांबली पाहिजे एवढीच अट, उतरायची गरज नाही. एरवी मी स्वतः बॅनबरीला तोडतो.

ब्लॉकच्या दिवशी मात्र हात आखडता घेतो. वळवलेली गाडी नेमकी तुमच्या तोडीच्या स्टेशनला न थांबताच जाऊ शकते, किंवा बस ते गाव वगळून पुढे जाते. मग दोन्ही तिकिटं खरी, पण प्रवास अडचणीत. वाचलेल्या पाच-सात पौंडांसाठी आईला घेऊन फलाटावर हुज्जत घालायची माझी तयारी नाही. एकटा विद्यार्थी असेल आणि त्या दिवसाचं बदललेलं वेळापत्रक लागल्यानंतर तिकीट काढत असेल, तर खुशाल तोडावं.

खरी बचत कार्डात

कुटुंबासाठी मोठी सवलत मार्ग बदलून मिळत नाही, ती रेलकार्डाने मिळते. फॅमिली अँड फ्रेंड्स कार्ड वर्षाला ३५ पौंडांचं. मोठ्यांना एक तृतीयांश सूट, ५ ते १५ वर्षांच्या मुलांना ६० टक्के, आणि एका कार्डावर चार मोठे, चार मुलं. मोठ्यांचं मिळून १०५ पौंडांचं भाडं झालं की कार्ड फुकटात पडलं. तीन मोठे लंडन-बर्मिंगहॅम जाऊन-येऊन करणार असतील तर ते सहसा पहिल्याच खेपेला होतं. पाच वर्षांखालच्यांना तिकीटच नाही. मूल सोबत नसेल आणि दोघंच असाल तर टू टुगेदर कार्ड, तेही ३५ पौंड. कार्ड नसलेल्या तीन ते नऊ मित्रांच्या टोळक्याला बऱ्याच कंपन्या ग्रुपसेव्हमध्ये तशीच एक तृतीयांश सूट देतात, आणि हे विचारायला लोक हमखास विसरतात.

कोच, आणि दिवस बदलणं

व्हिक्टोरिया कोच स्टेशनहून बर्मिंगहॅमच्या डिगबेथ स्टँडला कोचने, म्हणजे लांब पल्ल्याच्या बसने, साधारण तीन तास. ट्रॅफिक लागलं तर जास्त. एरवी रेल्वेपुढे कोच फिका पडतो. पण रेल्वेच जर अर्धा रस्ता बसने नेणार असेल, तर सरळ पूर्ण रस्ता बसने, तोही बसल्या जागेवरून न उठता, कधीही बरा. फक्त ब्लॉक जाहीर झाला की कोचचंही भाडं चढायला लागतं, म्हणून इथे वाट न बघता लवकर काढा. रेल्वेच्या बरोब्बर उलट.

दिवस सरकवता येत असेल तर आधी ब्लॉकचे तास बघा. पुष्कळ ब्लॉक शनिवारी रात्री सुरू होऊन रविवारी दुपारपर्यंत आटपतात. 'वीकेंड बंद' एवढं वाचून लोक शनिवार सकाळची चांगली गाडी सोडून देतात. आमच्या वेळी मात्र खरंच दोन्ही दिवस होता.

पैसे परत मागताना

प्रवासाचा बेत बदलला तर ऑफ-पीक तिकिटाचे पैसे ५ पौंडांपर्यंत कापून परत मिळतात, ॲडव्हान्सचे मिळत नाहीत. पण तुमची गाडीच रद्द झाली आणि तुम्ही गेलाच नाहीत, तर ॲडव्हान्सचेही सगळे पैसे परत, कपात नाही. मागायचे ते जिथून तिकीट काढलं त्याच्याकडे.

उशिराची भरपाई हे वेगळं प्रकरण. बऱ्याच कंपन्यांत १५ मिनिटांना एकेरी भाड्याचा पाव हिस्सा, ३० ला निम्मा, तासाला पूर्ण. पण हा उशीर ब्लॉकसाठी बदललेल्या वेळापत्रकावरून मोजतात. रोजच्या ऐंशी मिनिटांच्या प्रवासाला जाहीर करून तीन तास लावले, तर तो त्यांच्या लेखी उशीर नाहीच. बदललेल्या वेळेहूनही बस रखडली, तर हक्काने अर्ज करा.

आम्ही शेवटी चिल्टर्नचं ऑफ-पीक रिटर्न काढलं, कार्डावर, निघायच्या आठ दिवस आधी. नऊ वाजताच मॅरिलबोनला जाऊन उभे राहिलो आणि टेबलाची चार आसनं पटकावली. हाय वायकम यायच्या आत आईने पिशवीतून गुळपोळ्या काढल्या आणि समोर उभ्या असलेल्या एका अनोळखी पोराला आग्रह करकरून अर्धी खायला लावली. डोहाळजेवण झाल्यावर तिने जाहीर केलं की ती बुधवारपर्यंत बहिणीकडेच राहणार. कुटुंबाच्या कार्डावर काढलेली तिकिटं सोबत मूल असेल तरच चालतात, आणि मूल तर माझ्याबरोबर रविवारी परत चाललं होतं. तेव्हा आईच्या तिकिटाचा परतीचा भाग वाया गेला, आणि मूर स्ट्रीटच्या फलाटावर उभ्या उभ्या मी तिच्यासाठी डिगबेथहून बुधवारच्या कोचचं सिंगल काढलं.