क्रश सँड : स्लॅबसाठी उत्तम, गिलाव्यासाठी जपून

घर बांधायला काढणारा माणूस सिमेंटच्या गोणीवरची तारीख वाचतो, सळईचा दर्जा विचारतो, विटा एकमेकींवर आपटून आवाज ऐकतो. वाळूची बोलणी मात्र ‘डंपर कितीला पडेल’ एवढ्यावर संपतात. काँक्रीटच्या एकूण आकारमानात वाळूचा वाटा साधारण पाव ते एक तृतीयांश असतो, हे लक्षात घेतले तर ही बेफिकिरी महाग पडणारी आहे. त्यातच आता पश्चिम महाराष्ट्रातल्या बहुतेक बांधकामांवर येणारी वाळू नदीतली राहिलेली नाही. खडी क्रशरवर काळा दगड फोडून ती तयार होते. बाजारात तिला क्रश सँड म्हणतात आणि सरकारी कागदांत एम-सँड किंवा कृत्रिम वाळू. घरांच्या कामांवर देखरेख करताना पायाच्या काँक्रीटपासून बाहेरच्या सँडफेसपर्यंत (भिंतीच्या खरखरीत गिलाव्यापर्यंत) सर्वत्र ही वाळू वापरली जाताना मी पाहत आलो आहे. माझे मत आधीच सांगतो : काँक्रीटसाठी ती उत्तम आहे, वीटकामाला चालते आणि गिलाव्यासाठी मात्र वेगळी मागवून, तपासूनच घ्यावी.

नदीच्या वाळूची सद्दी संपण्यामागे कारणे उघड आहेत. पात्रे खरवडून निघाली, विहिरींचे पाणी खाली गेले आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांपेक्षा लहान क्षेत्रातील गौण खनिजांच्या उत्खननालाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये डेपोवरून ६०० रुपये ब्रासने (ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू देण्याचे धोरण आणले, तरी सामान्य ग्राहकाला हवी तेव्हा हवी तेवढी वाळू मिळेल अशी घडी त्यातून बसली नाही. पुढे २०२५ मध्ये एम-सँडसाठी स्वतंत्र धोरण आले आणि उत्पादकांनी सरकारला द्यायचे स्वामित्वधन (रॉयल्टी) ब्रासला ६०० वरून २०० रुपये करण्यात आले. थोडक्यात, क्रश सँड आवडते की नाही हा प्रश्न बहुतेकांसमोर उरलेलाच नाही. कोणती क्रश सँड घ्यायची, एवढाच निर्णय हातात आहे.

या ‘कोणती’मध्येच सारी गोम आहे, कारण क्रशरवर वाळूसारखी दिसणारी दोन अगदी वेगळी द्रव्ये मिळतात. जबड्याच्या क्रशरमध्ये खडी फोडताना चाळणीखाली जो चुरा पडतो, त्याला आपल्याकडे कच म्हणतात. त्याचे कण चपटे, लांबट, धारदार असतात आणि भुकटीचे प्रमाण वाटेल तेवढे असू शकते. फरशीखाली पसरायला, पेव्हर ब्लॉक बसवायला ही कच उपयोगी आहे. कॉलममध्ये तिचे काम नाही. खरी क्रश सँड ही व्हीएसआय नावाच्या यंत्रातून काढलेली असते. त्यात फोडलेला दगड प्रचंड वेगाने फेकून दगडावरच आदळवला जातो, त्यामुळे कणांच्या धारा मोडतात आणि ते बरेचसे घनाकार होतात. त्यानंतर ती पाण्याने धुऊन भुकटी काढून टाकली की ‘वॉश सँड’ होते. दोन्ही ढीग शेजारी ठेवले तर रंगावरून काही कळत नाही, दोन्ही करड्या-काळ्याच दिसतात. चिमूटभर कण तळहातावर पसरून नीट पाहिले, की चपट्या कपच्या आणि गोटीबंद कण यांतला फरक मात्र भिंगाशिवायही दिसतो.

भुकटीविषयी मिस्त्री आणि इंजिनिअर यांचे वाद नेहमी होतात, आणि दोघांचेही थोडे थोडे खरे असते. भारतीय मानक आयएस ३८३ नुसार ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली जाणारा भाग नैसर्गिक वाळूत वजनाने ३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, तर दगड फोडून केलेल्या वाळूत तो १५ टक्क्यांपर्यंत चालतो. ही सवलत वाटते तेवढी उदार नाही. नदीच्या वाळूतला बारीक भाग मुख्यतः गाळ आणि चिकणमाती असतो. तो कणांभोवती लेप धरतो आणि सिमेंटला दगडाला चिकटू देत नाही. क्रश सँडमधली भुकटी ही दगडाचीच असल्याने ती पोकळ्या भरते आणि ठरावीक मर्यादेपर्यंत माल घट्ट, एकजीव ठेवायला मदतही करते. अगदी स्वच्छ धुतलेली वाळू काँक्रीटमध्ये कधी कधी रुक्ष वागते, कडेने पाणी सुटते आणि पंपातून माल ढकलताना त्रास होतो, तो याच भुकटीच्या अभावी.

ही सारी सवलत खाणीतला दगड ताजा, कठीण असेल तरच लागू पडते. दख्खनच्या काळ्या दगडावर बऱ्याच ठिकाणी मुरमाचा थर असतो, मध्ये कुठे लाल गेरूचा पट्टा येतो. वरची माती-मुरूम नीट न काढता सुरुंग लावला तर तीच माती क्रशरमधून वाळूत उतरते आणि मग ती १५ टक्के भुकटी दगडाची न राहता मातीची होते. ओळखण्याची सोपी रीत अशी की मूठभर ओलसर वाळू दाबून सोडावी. दगडी भुकटी तळहातावर करडी पूड ठेवते आणि झटकली की बऱ्यापैकी निघते. माती असेल तर तपकिरी डाग राहतो, बोटे चिकटतात. काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ घालून हलवून ठेवण्याची परीक्षाही चांगली आहे, पण नदीच्या वाळूसाठी रूढ असलेली टक्केवारी इथे जशीच्या तशी लावू नये. मी पसंत केलेल्या पहिल्या खेपेची बरणी साइटवर तशीच ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक डंपरची बरणी तिच्याशेजारी उभी करतो. वरचा थर जाड दिसला किंवा त्याचा रंग बदलला, तर प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधीच खाणीत काहीतरी बदलले आहे हे कळते.

दुसरा दोष कणांच्या चढत्या-उतरत्या आकारात असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मानकात वाळूचे चार झोन आहेत. ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून किती टक्के वाळू खाली जाते, यावर ते प्रामुख्याने ठरतात. दुसऱ्या झोनमध्ये हे प्रमाण ३५ ते ५९ टक्के असते आणि सर्वसाधारण काँक्रीटसाठी तोच सोयीचा. निष्काळजीपणे काढलेल्या क्रश सँडमध्ये जाड कण भरपूर, भुकटी भरपूर आणि ३०० ते ६०० मायक्रॉनमधला मधला भाग अपुरा, अशी स्थिती असते. असा माल घमेल्यात ठीक दिसतो, थापीखाली मात्र खरखरतो आणि स्लॅबला पाटा मारताना खडी वर येते. म्हणून विक्रेत्याकडे झोन दोनचा चाळणी अहवाल मागावा, आणि तो गेल्या वर्षीचा नसून चालू महिन्याचा असावा. बरेच क्रशरवाले अहवाल ठेवतात. मागणारेच कमी असतात.

साइटवर क्रश सँडची खरी परीक्षा स्लॅबच्या दिवशी होते. कण टोकदार असल्यामुळे आणि बारीक भाग जास्त असल्यामुळे नदीच्या वाळूइतकाच मऊ माल हवा असेल तर पाणी जास्त लागते. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५० धरले तर ५० किलोच्या एका गोणीला वाळूतला ओलावा धरून एकूण २५ लिटर पाणी होते. मिक्सरवरचा गडी मात्र माल जड वाटला की हिशेब न विचारता आणखी अर्धी बादली ओततो, आणि क्रश सँडच्या माथ्यावर कमी ताकदीचा, भेगांचा जो ठपका बसतो त्यातला बराचसा या अर्ध्या बादलीचा असतो. याला दोन उपाय आहेत : व्हीएसआयचीच वाळू घेणे आणि मोजून प्लास्टिसायझर, म्हणजे कमी पाण्यात माल मऊ करणारे रसायन, वापरणे. हे केले तर ताकदीची चिंता करण्याचे कारण नाही. टोकदार कण एकमेकांत चांगले अडकतात आणि योग्य मिश्रणातले २८ दिवसांचे क्यूब (ताकद तपासण्यासाठीचे काँक्रीटचे ठोकळे) नदीच्या वाळूच्या बरोबरीने, अनेकदा थोडे वरच उतरतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटमध्ये फोडलेल्या दगडाचीच वाळू मोठ्या प्रमाणावर वापरली गेली होती. तेव्हा घराच्या स्लॅबला ती कशी पुरेल, ही शंका आता सोडून द्यायला हरकत नाही.

वीटकामाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. जाड कण चाळून घेतले तर सांधे नीट बसतात आणि काम होते.

गिलाव्याला मात्र माझे गुण कमी पडतात. आतला गिलावा साधारण १२ मिलिमीटर जाडीचा असतो, आणि एवढ्या पातळ थरात भुकटीचा जादा अंश लगेच रंग दाखवतो. भुकटी पाणी धरून ठेवते, ते उडून गेल्यावर थर आकसतो आणि भिंतीवर जाळीसारख्या बारीक भेगा उमटतात. गवंड्यांची तक्रार वेगळी : हा माल भिंतीला पटकन धरत नाही, पाट्याखाली ओढला जातो आणि दिवसाअखेर हाताची सालटी निघतात. या तक्रारीकडे आळशीपणा म्हणून पाहू नये. काँक्रीटची क्रश सँड साध्या जाळीने चाळून ‘प्लास्टर सँड’ म्हणून विकण्याची पद्धत आहे; चाळल्याने जाड कण जातात आणि भुकटीची टक्केवारी उलट वाढते. मला एका विक्रेत्याकडून धुतलेली म्हणून आलेली प्लास्टर सँड कोरड्या घमेल्यातून ओतताना धूर निघावा तशी उडत होती आणि तो डंपर परत पाठवावा लागला. गिलाव्यासाठी वेगळी पाडलेली आणि धुतलेली वाळूच घ्यावी. तिचे मानक आयएस १५४२ हे आहे. बाहेरच्या सँडफेसला मात्र क्रश सँड छान दिसते, कारण तिथे कणांचा खडबडीतपणाच हवा असतो. आत नीरू फिनिश (चुन्याचा गुळगुळीत लेप) किंवा पुट्टी करणाऱ्यांनी पहिली एक खोली करून, तिला पाणी मारून, आठवडाभर भेगा पाहून मगच पुढचा माल मागवावा.

खरेदीचा व्यवहार ब्रासवर चालतो आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. डंपरच्या हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजून गुणाकाराला १०० ने भागले की हिशेब झाला. मोजणी साइटवर आल्यावर करावी, कारण हेलकाव्यांनी माल दबतो आणि क्रशरवरची शीग वाटेतच बसते. धुतलेली वाळू ओली असते. काट्यावर घेतली तर पाण्याचे पैसे मोजावे लागतात, आणि मापाने घेतली तर थोड्या ओलाव्याने वाळू फुगत असल्यामुळे ब्रासमध्ये प्रत्यक्ष वाळू कमी येते. फुगण्याचा हा गुण नदीच्या वाळूतही असतोच. मिश्रण पेटीने मोजणाऱ्यांनी तो विसरू नये, नाहीतर पावसाळ्यात त्याच मापात वाळू कमी पडते. भावाबद्दल एकच सांगता येईल की दगडापेक्षा वाहतुकीचे पैसे जास्त असतात. वीस किलोमीटरवरचा बरा क्रशर साठ किलोमीटरवरच्या नामांकित क्रशरपेक्षा बहुधा परवडतो.

कोकणातल्या वाचकांसाठी तुलना वेगळी करावी लागते. तिथे पर्याय खाडीच्या वाळूचा असतो, आणि तिच्यातले क्षार सळईला गंज आणतात. आयएस ४५६ नुसार सळईच्या काँक्रीटमध्ये क्लोराइडचे प्रमाण घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त नसावे. खाडीची वाळू किती वेळा आणि कुठल्या पाण्याने धुतली हे ग्राहकाला कळण्याची सोय नसल्यामुळे, तिथे मी क्रश सँडलाच डोळे झाकून पसंती देईन, मग ती थोडी खरखरीत का असेना.

गुणच द्यायचे तर व्हीएसआयच्या धुतलेल्या क्रश सँडला काँक्रीटसाठी पाचपैकी साडेचार, वीटकामाला साडेतीन आणि आतल्या गिलाव्याला अडीच. साधी कच वाळूच्या नावाखाली आली तर ती उतरवूनच घेऊ नये. ज्यांना परवान्याची, पावतीची, गोड्या पाण्याची नदीची वाळू थोडी का होईना मिळते, त्यांनी ती स्लॅबमध्ये घालवू नये. एक हजार चौरस फूट आतल्या गिलाव्याला १२ मिलिमीटर जाडीने साधारण अर्धा ते पाऊण ब्रास वाळू लागते, त्यामुळे लहान घराचा आतला गिलावा दोन-तीन ब्रासमध्ये आटोपतो आणि बाकी सगळे काम क्रश सँडवर निर्धास्तपणे सोपवता येते.