जुना कर्नल कोणत्या जीसीसीने कंपाइल करावा?

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या यंत्रात बसवायचा एआरएम प्रोसेसरचा बोर्ड असो किंवा फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा प्रकल्प, अडचण बहुधा एकाच जागी येते. बोर्डासोबत मिळालेला लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ४.१९ चा, म्हणजे २०१८ सालचा असतो आणि संगणकावरचा जीसीसी, म्हणजे सी भाषेतील कोडचा मशीन कोड करणारा कंपायलर, त्याहून कितीतरी नवा असतो. अशा वेळी आहे त्याच कंपायलरने काम रेटावे आणि येतील त्या चुका दुरुस्त कराव्यात, की कर्नलच्या काळातला कंपायलर शेजारी बसवून घ्यावा?

कर्नलच्या दस्तऐवजात किमान आवृत्ती दिलेली असते, ४.१९ साठी ती जीसीसी ४.६ आहे. कमाल मर्यादा दिलेली नसते, कारण पुढचे कंपायलर तेव्हा अस्तित्वातच नसतात.

नव्या कंपायलरच्या चुका बऱ्याचदा क्षुल्लक असतात. जीसीसी १० पासून एकाच नावाचे ग्लोबल व्हेरिएबल दोन फायलींत आढळल्यास लिंकर ते मुकाट्याने एकत्र करत नाही, त्यामुळे जुन्या कर्नलमधील डीटीसी (बोर्डावरील हार्डवेअरचे वर्णन कर्नलला वाचता येईल अशा रूपात आणणारे) हे साधन 'वायवायएललॉक' या व्हेरिएबलची व्याख्या दोनदा झाल्याची तक्रार करून थांबते. घोषणेआधी 'एक्सटर्न' लिहिले की काम पुढे सरकते. येथे एक गोष्ट नीट पाहावी: डीटीसी बोर्डावर नव्हे, तर आपल्या संगणकावर चालते, म्हणून एआरएमचा क्रॉस कंपायलर (आपल्या संगणकावर चालून दुसऱ्या प्रोसेसरसाठी कोड काढणारा) कितीही जुना आणला तरी ही चूक जात नाही, 'होस्टसीसी', म्हणजे आपल्याच संगणकासाठी कोड काढणारा कंपायलर, हाही बदलावा लागतो. जीसीसी १५ ने सी२३ हे सी भाषेचे नवे मानक गृहीत धरल्यामुळे 'ट्रू' आणि 'फॉल्स' आता राखीव शब्द झाले आहेत, आणि एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरच्या बूट कोडला मानक स्वतंत्रपणे सांगितलेले नसल्याने जुने कर्नल तेथेही अडतात. कर्नलच्या दीर्घकालीन (वर्षानुवर्षे दुरुस्त्या मिळणाऱ्या) आवृत्तीच्या ताज्या पॅचमध्ये अशा दुरुस्त्या पुष्कळदा आधीच आलेल्या असतात. बोर्ड विक्रेत्याच्या गोठलेल्या प्रतीत त्या नसतात, आणि मग एकामागून एक फाइल हाताने दुरुस्त करत बसावे लागते.

खरी भीती चूक न दाखवता पूर्ण होणाऱ्या कामाची आहे. २०१४ साली तेव्हा अगदी नवा असलेला जीसीसी ४.९.० शेड्युलरमधील (कोणत्या कामाला प्रोसेसर कधी द्यायचा ते ठरवणाऱ्या भागातील) एका फंक्शनचा सदोष मशीन कोड काढत असल्याचे उघड झाले आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कंपायलरलाच दोषी ठरवले. जुनेपणाही अभय देत नाही. ६४ बिट एआरएमवर ५.१ पूर्वीच्या जीसीसी ४.९ मुळे स्टॅकच्या हद्दीबाहेरची मेमरी वापरली जात होती. त्याचा परिणाम एक्स्ट४ फाइल सिस्टीममधील अधूनमधून होणाऱ्या बिघाडांत दिसला, आणि २०२१ साली त्या प्रोसेसरसाठी किमान आवृत्ती ५.१ करण्यात आली. म्हणून 'किमान ४.६' वाचून ४.६ शोधत फिरणे शहाणपणाचे नाही.

माझा कौल सरळ आहे. विक्रेत्याच्या ४.१९ साठी डेबियन १० या लिनक्स वितरणाचा कंटेनर (संगणकात वेगळे ठेवलेले वातावरण) घ्यावा, कारण त्या वितरणाचा स्वतःचा कर्नल ४.१९ आणि कंपायलर जीसीसी ८.३ होता, म्हणजे ही जोडी पुष्कळ वापरातून तावून सुलाखून निघालेली आहे. कर्नल डॉट ऑर्गवरचे तयार क्रॉस कंपायलरही चांगले आहेत. परंतु त्यांच्यासोबत सी लायब्ररी नसल्याने होस्टची (आपल्या संगणकावर चालणारी) साधने त्यांनी कंपाइल होत नाहीत, आणि तो प्रश्न कंटेनरमध्ये उद्भवतच नाही. नवा कंपायलर तसाच वापरायचा असेल, तर तो दीर्घकालीन शाखेच्या ताज्या आवृत्तीपुरता ठेवावा. बाहेरून जोडायची ड्रायव्हर मॉड्यूलही शक्यतो कर्नल ज्या कंपायलरने केला त्याच कंपायलरने करावीत. चालू कर्नल कशाने केला आहे हे 'प्रोक' फोल्डरमधील 'व्हर्जन' फाइल सांगते.

पावसाळ्यात मध्येच वीज गेली, तरी 'मेक' ही कंपाइल करण्याची आज्ञा पुन्हा दिल्यावर काम साधारणतः उरलेल्या फायलींपासून सुरू होते. कंपायलर बदलल्यावर मात्र 'मेक क्लीन'वर भागत नाही, कारण त्यात होस्टची साधने तशीच राहतात. 'मेक एमआरप्रॉपर' द्यावे, आणि ती आज्ञा कर्नलसाठी निवडलेले पर्याय साठवणारी 'डॉट कॉन्फिग'ही पुसते म्हणून त्या फाइलची प्रत आधी बाजूला काढून ठेवावी.