बदलापूर पूर्वेचं रो हाऊस : १४ महिने राहिल्यावर

मागच्या वर्षी मे महिन्यात डोंबिवलीचा वन बीएचके विकून इथे रिसेलचं रो हाऊस घेतलं, तळमजला अधिक एक, रांगेतलं शेवटचं. घरात मी, नवरा, दोन मुलं आणि सासू-सासरे. खरं कारण एकच, अप्पांचे म्हणजे सासऱ्यांचे गुडघे. जुन्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती, तिसरा मजला, दोन वर्षं ते खाली उतरले ते फक्त डॉक्टरकडे जायला. इथे दाराबाहेर ओटा आहे, सकाळी चहा घेऊन बसतात, दूधवाल्यापासून शेजारच्या रिटायर्ड एसटी ड्रायव्हर काकांपर्यंत सगळ्यांशी गप्पा, आणि आता काठी घेऊन कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत एकटे जाऊन येतात. या एका गोष्टीसाठी घर घेतल्याचा पश्चात्ताप कधीच झाला नाही, हे आधीच सांगते कारण पुढे तक्रारी आहेत.

पहिली तक्रार ओल. घर आम्ही मेमध्ये बघितलं, सगळीकडे नवा रंग, सुंदर दिसत होतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वरच्या बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला आधी तळहाताएवढा डाग आला, मग पोपडे धरले, मग कपाटातल्या गोधड्यांना वास. शेवटचं घर म्हणजे एक भिंत पूर्ण उघडी आणि पाऊस तिकडूनच झोडपतो, हे लक्षातच आलं नव्हतं. पहिल्या माणसाने बाहेरून केमिकलचा कोट मारला, पैसे गेले, ओल तशीच. मग ओळखीच्या मिस्त्रीने दिवाळीनंतर टेरेसवर पाणी साठवून बघितलं तेव्हा कळलं की पाणी भिंतीतून नाही, पॅरापेट म्हणजे टेरेसचा कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात त्या सांध्यातून येतंय. सांधा फोडून भरला, गोलटा काढला म्हणजे कोपरा सिमेंटने गोलाकार केला, वर नवीन कोबा, म्हणजे सिमेंटचा थर. तुम्ही रो हाऊस बघत असाल तर कृपा करून भर पावसात एकदा बघाच, कपाट हलवून मागे हात लावा.

पश्चिमेला नदीच्या बाजूला याच बजेटमध्ये मोठं घर मिळत होतं, पण २६ जुलै २००५ आणि मग २०१९, महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली तेव्हा हेंद्रेपाड्याकडे काय झालं होतं ते नातेवाइकांकडून ऐकलेलं, त्यामुळे सासूबाईंनी साफ नाही म्हटलं. बरोबरच होतं त्यांचं.

प्रवास मात्र जीव काढतो. माझं ऑफिस ठाण्याला, माझं निभतं. नवऱ्याचं फोर्टला, फास्ट लोकलने दीड तास धरा, वर रिक्षाची लाइन वेगळी. कर्जत-खोपोलीच्या गाड्या येतानाच भरलेल्या असतात म्हणून बदलापूर लोकलच पकडावी लागते, तीही जागा मिळावी म्हणून अंबरनाथहून उलटं बदलापूरला बसून आलेल्यांनी अर्धी भरलेली, त्यांना तरी काय बोलणार. तो घरी येतो तेव्हा धाकटी झोपलेली असते, याचं मला खरंच वाईट वाटतं. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या लाइनचं काम चालू आहे, त्याकडे डोळे लावून बसलोय.

उन्हाळा डोंबिवलीपेक्षा कडक, वरच्या मजल्यावर दुपारी बसवत नाही, आणि लाइट गेली की तासभर तरी जाते, इन्व्हर्टर घ्याच.

पण बाजार बघा इथला! जूनमध्ये स्टेशनबाहेर आदिवासी बायका जांभळं घेऊन बसतात, इथल्या जांभळाला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालाय आणि चव घेतली की का ते कळतं. पहिल्या पावसात शेवळं ही रानभाजी येते, तिच्याबरोबर काकडं ही आंबट रानफळंही मागून घ्यायची, नाहीतर घसा खवखवतो. मला माहीतच नव्हतं, सासूबाईंनी शिकवलं. कितीतरी वर्षांनी त्यांनी शेवळाची भाजी केली, कोलंबी घालून, आणि थोरल्याने दोनदा मागून घेतली. टेरेसवरून पाऊस उघडला की चंदेरी किल्ल्याचा सुळका दिसतो, धाकटी त्याला 'आपला डोंगर' म्हणते.

आता दुसरा पावसाळा चालू आहे. अप्पा रोज सकाळी कठडा धरून हळूहळू वर येतात आणि त्या भिंतीवर तळहात ठेवून बघतात. काल रात्रभर कोसळला, तरी भिंत कोरडी होती.