स्लेजच्या कुत्र्यांचे बूट, आपल्या तुरीच्या रानात: पाचपैकी चार स्टार

आधी निकाल सांगून टाकतो, कारण रिव्ह्यू कुणी खालपर्यंत वाचत नसतंय. घ्या. पण थंडीपुरतेच घ्या, कोरड्या रानासाठीच घ्या, अन् मोठं पाकीट मागवायच्या आधी एका कुत्र्याच्या पायात घालून बघा.

वस्तू काय हाय तर तिकडं अलास्कात बर्फावरच्या गाडीला कुत्री जुंपतेत ना, त्यांच्या पायातले कापडी बूट. बूट नावालाच, ना तळ ना टाच. प्रवासी बॅगा करतेत त्या कॉर्ड्युरा कापडाची एक छोटी पिशवी अन् तिच्या तोंडाला ताणणारी वेल्क्रोची पट्टी, झालं. पट्टीच्या रंगावरून साइज वळखायची. पाकीट फोडलं तवा घरातली म्हणली, एवढ्याशा चिंध्यांचे एवढे पैसे?

आता आम्हाला बर्फातल्या बुटाचं काय काम, तर आमच्याकडं लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यात शेतावर कारवान अन् पश्मी कुत्री हायत, पिल्लंबी देतो. आमच्या भागातलं जानवळ तर कारवानसाठी लांबलांबपर्यंत माहीत हाय. ही कुत्री पळायला नंबर एक, पण अंगावर चरबी नाही, केस बारके, अन् पायाच्या गाद्या खरचटल्या की चार-पाच दिवस जागेवरून हलत नाहीत. अन् आमच्याकडं पायाला सगळ्यात जास्त मार थंडीतच बसतो बरं का, उन्हाळ्यात नाही. तूर कापली की विळ्यानं तिरपी कापलेली धसकटं उभी राहतेत, टोक असं की माणसाच्या चपलेतून वर येतंय. बांधावर सराटे वाळलेले, बोराटी हायच, धुऱ्याला येडी बाभळ. ज्वारीच्या कडंनं करडई पेरलेली असती जनावरं आत शिरू नयेत म्हणून, तिच्यात आपलीच कुत्री शिरतेत. अन् सगळ्यावर कळस म्हणजे हरभरा. पहाटंच्या दवात हरभऱ्यावर आंब धरती, ती असती आम्लाची, आपल्या हाताला साधा ओरखडा असला तरी झोंबती, मग फाटक्या गादीचं कुत्रं त्यातून पळत गेल्यावर काय होत असेल बघा. रात्रीची लाईट असली की आम्ही दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, अन् कुत्री रानडुकरं हाकलायला, म्हणजे नेमकं दवाच्या टायमालाच सगळी रानात. (शिकारीचं कुणी कमेंटमध्ये विचारू नका, १९७२ च्या कायद्यानं ती बंद हाय, आमची कुत्री राखणीला हायत.)

याच्या आधी सगळे उपाय करून झालते. जुने मोजे घालून चिकटपट्टी मारणे, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, अन् शहरातल्या पेट शॉपमधले रबरी तळाचे शूज. ते शूज दिसायला लै भारी, पण कारवानच्या पायात घातले की ते नवरदेवासारखं पाय उचलून उचलून चालायला लागतंय, पळायचं नावच नाही. तळ जाड असल्यामुळं जमीन कळत नाही, वळताना नखं आत घसरतेत, अन् आत घाम. कुत्र्याला घाम पायाच्या गादीलाच येतो, तिथंच रबर गुंडाळल्यावर कातडं पांढरं पडून सोलायला लागतंय.

हे बूट पातळ हायत हीच त्यांची करामत. गादीला खालची जमीन कळती, पंजा पसरतो, नखं कापडातूनबी थोडी धरतेत. तिकडं लांब शर्यतीत हे बूट म्हणजे चैन नसती. इडिटारॉड म्हणून अलास्कातली मोठी शर्यत हाय, अँकरेजकडून नोमपर्यंत साधारण १००० मैल, १९७३ पासून चालू, तिच्या नियमातच हाय की प्रत्येक कुत्र्यामागं ८ बूट गाडीत नायतर पायात असलेच पाहिजेत. चार पायांना आठ, म्हणजे फाटणार हे धरूनच हिशोब केलेला. बोटांच्या मधी बर्फाचे गोळे धरून कातडं फाटू नये, खरबरीत बर्फानं गादी घासू नये म्हणून घालायचे, फाटला की दुसरा. मुक्कामाला आले की सगळे काढायचे, पाय बघायचे, मलम लावायचं, निघताना परत घालायचे. मला पहिल्यांदा वाटलं महिन्यात फाटतेत म्हणजे माल खराब, पण हा टिकायचा मालच नाही, टायरसारखा खपायचा माल हाय. एक स्टार देऊन "फाटले, पैसे वाया" लिहिणारे लै दिसले, त्यांनी हे समजून घ्यावं.

रानातला अनुभव सांगतो. तुरीच्या धसकटात एकदम पास. कापडाला भोकं पडतेत, पण टोक गादीत घुसण्याआधी बरंच अडतंय, पायातून रक्त येणं जवळजवळ बंद झालं. सराट्यात फुल्ल पास. हरभऱ्याच्या दवात पास, पण बूट भिजतेत, मग रानातून आल्या आल्या काढायचे अन् पाय कोमट पाण्यानं धुवून पुसायचे, ओल्या बुटात कुत्रं रातभर ठेवलं तर आंबीपेक्षा जास्त वाटोळं. करडईत मात्र काठावर पास, कारण काटे पायाच्या वरच्या भागाला अन् पोटाला लागतेत, तिथं बूट काय करणार.

नापास कुठं, तर पाणी दिलेल्या काळ्या रानात. आपली काळी माती ओली झाली की कशी धरती हे सांगायची गरज नाही, बुटावर थर चढत चढत पायात दगड बांधल्यासारखं होतंय अन् चार वाफ्यांत बूट चिखलात रुतून जातो, मग टॉर्च घेऊन शोधत बसा. बर्फाचे गोळे टाळायला केलेली वस्तू चिखलाचे गोळे जमा करती, त्याला कंपनीचा दोष नाही पण अर्धा स्टार तिथंच कापला. दारं धरायचं असलं की त्या बाजूला कुत्री अनवाणीच.

साइजचं लक्ष देऊन वाचा. हे बूट हस्कीच्या, म्हणजे बर्फातल्या गाडीच्या कुत्र्याच्या, पंजाच्या मापानं शिवलेले असतेत, आपल्या कारवानचा पंजा लांबट अन् अरुंद. कागदावर कुत्रं उभं करायचं, दुसरा पाय उचलून पूर्ण वजन त्या पंजावर येऊ द्यायचं, मग पेन्सिलनं रुंदी काढायची. पुढचे पंजे मागच्यापेक्षा मोठे असतेत म्हणून दोन साइज लागू शकतेत. पट्टी मनगटाच्या बारीक भागावर बसली पाहिजे, अंगठ्याच्या नखावर नाही, तिथं घासून जखम होती. अन् पट्टी ताणून आवळायची नाही, आपल्या लोकांना सगळं आवळायची सवय असती, पट्टी आवळली की पंजा सुजतो. ती नुसती बसली पाहिजे.

दुपारी घालू नका. आमच्याकडं पहाटं दात वाजतेत, २०१८ च्या डिसेंबरात परभणीला पारा २ अंशांच्या आसपास गेलता, पण त्याच थंडीच्या दिवसांत दुपारी सदरा काढावा वाटतो. ऊन चढलं की बूट उतरवायचे.

शेजारचे आबा पहिल्या दिवशी धुऱ्यावरून बघत होते, म्हणले, "आरं माणसं अनवाणी हिंडायलेत अन् तू कुत्र्याला बूट घालायलास व्हय?" मी काही बोललो नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, सगळं गाव रानात, भज्जी अन् आंबील चालू, पोरं कुत्र्यांना उंडे चारायलेत, त्यात बूट घातलेली कुत्री बघायला ही गर्दी, फोटो काय काढायलेत. आठ दिवसांनी आबा स्वतः आले, त्यांच्या कुत्र्याच्या पंजात धसकट मोडून बसलं होतं. काढलं, धुतलं, मलम लावलं अन् वर बूट चढवला, कारण पट्टी बांधली तर कुत्रं दातानं काढून टाकतंय. जखमेवर घालायला म्हणून तरी घरात दोन-चार बूट असावेतच, फक्त घरी आल्यावर काढून जखमेला वारा लागू द्या. खोल गेलं असलं तर सरळ डॉक्टर गाठा.

किमतीचं बोलायचं तर बूट स्वस्त, पाठवणी महाग. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, पण त्यांच्या साइटवर आमचा पिनकोडच चालला नाही, लातूरच्या मेव्हण्याच्या पत्त्यावर मागवावं लागलं, अन् साइजचा तक्ता इंचात, तोबी पुसट. एक स्टार यात गेला असता, पण माल बरा निघाला म्हणून अर्धाच कापतो. अर्धा चिखलाचा, अर्धा तक्त्याचा, झाले चार.

अन् एक स्वस्तातला मार्ग हाय. फाटलेला एक बूट घेऊन लातूरच्या गंजगोलाई बाजाराकडं दप्तरं शिवणाऱ्याकडं गेलो, त्यानं उलटासुलटा करून बघितला अन् हसत हसत बॅगेच्या कापडाचे आमच्या कारवानच्या मापाने शिवून दिले, लांबट. कापड थोडं कडक हाय, दोनदा धुतल्यावर बरं झालं. शिवण बाहेरच्या बाजूनं घ्या म्हणून सांगायचं, आत आली तर नखाला अडती. वेल्क्रो मात्र चांगल्यातला आणून द्या, साध्यात कुसळं अडकून आठवड्यात धरणं सोडतो. ओरिजिनलचा वेल्क्रो यात लै पुढं हाय, जुन्या ब्रशनं कुसळं काढली की परत धरतो.

मागवायचे असतील तर दिवाळीतच ऑर्डर टाका, तूर कापणीला आल्यावर टाकली तर बूट येईपर्यंत रान नांगरून झालेलं असतंय.