20 लिटरचा लोखंडी जेरीकॅन: काही महिन्यांचा वापर आणि रोमेलचा पेट्रोलचा हिशेब

आधीच सांगून टाकतो, रिव्ह्यू डब्याचा आहे पण त्यात अर्धा रोमेल, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांशी लढलेला जर्मन सेनापती, येणार, ज्यांना फक्त घ्यावा की नको एवढंच बघायचंय त्यांनी डायरेक्ट शेवटचा पॅरा वाचा.

शेतावर जनरेटर आणि पॉवर टिलरसाठी डिझेल लागतं, आधी प्लास्टिकचे कॅन होते. उन्हात फुगतात, बूच नीट बसत नाही, आणि गाडीच्या डिकीत आडवा झाला की आठवडाभर वास जात नाही. म्हणून लष्करी पद्धतीचा पत्र्याचा जेरीकॅन घेतला, हिरवा, तीन दांड्यांचा. उन्हाळा, पावसाळा दोन्ही बघून झाले त्याचे, म्हणून आता लिहितोय. दुसऱ्या महायुद्धातल्या उत्तर आफ्रिकेच्या लढाईचं मला जुनं वेड, तिथे हा डबा पानोपानी येतो, पण रोज हाताळायला लागल्यावर कळलं की तो त्यात का येतो.

मूळ डिझाईन जर्मन, 1937 चं, श्वेल्म गावच्या म्यूलर कंपनीतल्या विन्झेन्झ ग्रुनफोगेल नावाच्या इंजिनिअरचं. ज्याने केलं त्याने डबा नुसता कागदावर काढला नसणार, उचलणाऱ्या माणसाचा विचार केलाय. तीन दांड्या का, तर एकटा माणूस मधली धरून भरलेला उचलतो, जड वाटला तर दोघं बाजूच्या एकेक दांडीला धरतात, आणि रिकामे असतील तर दोन डबे शेजारी ठेवून बाजूच्या दांड्या एकत्र एका मुठीत येतात, म्हणजे दोन हातात चार. आमच्याकडे कामाला येणारा पोरगा हे न सांगता पहिल्याच दिवशी करायला लागला. बाजूचे दोन भाग दाबून काढलेले आणि मधोमध वेल्डिंग, ते पण खोलगट जागेत, त्यामुळे आपटला तरी शिवणीवर मार बसत नाही. अंगावर जी फुलीसारखी खाच दिसते ती शोभेची नाही, पत्र्याला ताकद येते आणि उन्हाने आतली वाफ फुगली की पत्र्याला हलायला वाव मिळतो. वर दांड्यांखाली थोडी हवा राहते, त्यामुळे पेट्रोलने भरलेला डबा पाण्यात पडला तरी तरंगतो. तोंडाशी आत छोटी हवेची नळी आहे म्हणून ओतताना गुडगुड करत उचक्या देत नाही, सरळ धार येते. झाकण खटक्याचं, पाना लागत नाही, स्क्रू फिरवत बसायचं नाही.

आता समोर ब्रिटिशांकडे काय होतं बघा. चार गॅलनचा, म्हणजे साधारण 18 लिटरचा, पातळ पत्र्याचा चौकोनी डबा. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात 15 किलो तेलाचा डबा असतो ना, जवळपास तोच. त्यांचे सैनिक त्याला फ्लिम्झी, म्हणजे तकलादू, म्हणायचे. इजिप्तमध्ये स्वस्तात बनायचा, दोन-दोन खोक्यात घालून ट्रकवर रचायचे आणि मग तो ट्रक दगडधोंड्यातून शेकडो किलोमीटर खडखडत जायचा. शिवणी उघडायच्या, खालच्या थरातले वरच्याच्या वजनाने चेपायचे, पोचेपर्यंत पेट्रोल वाळूत. त्यांचाच सेनापती जनरल ऑकिनलेक, त्याच्या हिशेबाने तळापासून वापरणाऱ्यापर्यंत सुमारे 30 टक्के पेट्रोल असंच जात होतं. मी माझ्या डिझेलला लावून बघितलं तर पोटात गोळा आला. जहाजाच्या पोटात हे गळके डबे म्हणजे पेट्रोलची वाफ साठलेली, एक ठिणगी पुरे. त्या डब्याचा एकच खरा उपयोग झाला, अर्धा कापून त्यात वाळू भरायची, वर पेट्रोल ओतायचं, पेटवायचं आणि त्यावर चहा. लिबियातल्या बेनगाझी शहरावरून बेनगाझी बर्नर म्हणायचे त्याला. ब्रिटिश माणूस वाळवंटात पण चहा सोडत नाही.

मग जर्मन डबे हाती लागले की ब्रिटिश ते जपून ठेवायला लागले, खास करून शत्रूच्या पिछाडीला आठवडेच्या आठवडे फिरणाऱ्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपसारख्या तुकड्या, कारण तिथे गळलेलं पेट्रोल म्हणजे परत यायचं पेट्रोल. पुढे ब्रिटिशांनी जवळजवळ जशीच्या तशी नक्कल केली, त्यांच्या बोलीत जेरी म्हणजे जर्मन म्हणून जेरीकॅन. अमेरिकन लोकांनी मात्र डोकं चालवलं, वेल्डिंगऐवजी दुमडलेली शिवण आणि खटक्याऐवजी स्क्रूचं झाकण, म्हणजे पाना पण लागणार आणि नरसाळं पण. आणि त्यांच्याच पॉल प्लाइस नावाच्या इंजिनिअरने 1939 मध्ये बर्लिनहून गाडीने भारतापर्यंत येताना असले तीन डबे पाण्यासाठी आणले होते! गाडी कलकत्त्याला ठेवून तो घरी गेला आणि डब्याचं सांगायला लागला, पण सुरुवातीला कोणी लक्षच दिलं नाही.

इथे बरेच जण म्हणतात की या डब्यामुळे रोमेल जिंकत होता. मला हे पटत नाही, आणि डबा वापरल्यावर तर अजिबात नाही. डबा फक्त आहे ते सांडू देत नाही, नसलेलं आणत नाही. रोमेल फेब्रुवारी 1941 मध्ये लिबियात त्रिपोलीला उतरला, तिथून इजिप्तमधलं एल अलामीन, जिथपर्यंत तो पोचला, 2,000 किलोमीटरच्या वर. बेनगाझी बंदर मिळालं तरी तिथून हजारभर किलोमीटर उरतातच. पेट्रोल नेणारे ट्रक स्वतःच पेट्रोल पितात, जेवढं पुढे जाल तेवढं कमी पोचतं. म्हणून तर त्याला बेनगाझीच्या पुढचं, इजिप्तच्या जवळचं तोब्रुक बंदर हवं होतं. 1941 मध्ये आठ महिने वेढा घालून ते मिळालं नाही, 1942 मध्ये तोब्रुकच्या पश्चिमेला गझालाची लढाई जिंकल्यावर 20 जूनला हल्ला केला आणि 21 ला मिळालं. त्या हल्ल्याचा पहिला मार आग्नेय बाजूला, जिथे ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या 11 व्या इंडियन ब्रिगेडमध्ये आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची 2/5 बटालियन होती, विमानांचे बॉम्ब आणि मागोमाग रणगाडे त्यांच्यावर आले. हीच बटालियन वर्षभर आधी इजिप्त-लिबिया सीमेजवळच्या हाफाया खिंडीवरच्या हल्ल्यात पण होती. सातारा-कोल्हापूर-कोकणातली माणसं तिथे लढली आणि शालेय इतिहासात एक ओळ नाही, असो. तोब्रुकमध्ये ब्रिटिश बाजूचे तीसेक हजार कैदी झाले, आणि रोमेलला दोनेक हजार गाड्या आणि हजाराहून जास्त टन पेट्रोल आयतं मिळालं, त्याच पेट्रोलवर तो इजिप्तमध्ये घुसला. म्हणजे उत्तम डबे स्वतःचे आणि आतलं तेल शत्रूचं!

मग ऑगस्टअखेर अलामीनजवळच्या आलम हाल्फा टेकडीपाशी पुढे घुसला आणि पेट्रोल नाही म्हणून मागे फिरला. ऑक्टोबरमध्ये अलामीनची मोठी लढाई चालू असताना प्रोसेर्पिना नावाचा टँकर आणि तेर्जेस्तेआ हे पेट्रोल-दारूगोळ्याचं जहाज, त्याच्याकडे येणारी ही दोन्ही ब्रिटिशांनी 26 तारखेला तोब्रुकजवळ बुडवली. तिकडे ब्रिटिशांचं बघाल तर तळ अलेक्झांड्रियाला, अलामीनपासून शंभरेक किलोमीटरवर, मागे रेल्वे, पाण्याची पाइपलाइन. त्यांना गळका डबा परवडत होता. चांगला डबा ज्याच्याकडे होता त्याच्याकडे भरायला तेल नव्हतं, मला तरी या मोहिमेचा सगळा गाभा यातच दिसतो, रोमेलचे डावपेच, त्याचं 'वाळवंटातला कोल्हा' हे टोपणनाव वगैरे नंतर.

आता माझ्या डब्याच्या तक्रारी. एक म्हणजे झाकणाचं रबरी वायसर. सोबत आलेलं निकृष्ट होतं, डिझेलने फुगलं आणि आडवा ठेवला की ओल यायला लागली. विकणाऱ्याला कळवलं तर उडवाउडवीची उत्तरं, शेवटी हार्डवेअरवाल्याकडून डिझेलला चालणारं आणून बसवलं, तेव्हापासून थेंब नाही. दुसरं, तळाच्या कडेचा रंग पावसाळ्यात उडाला आणि तिथे गंज धरला, घासून रेडऑक्साइड मारला. वजन पण आहे, रिकामाच चार किलोच्या आसपास, भरून वीसच्या वर, आईला किंवा बायकोला एकटीने उचलायला सांगू नका, बाजूच्या दांड्या त्याचसाठी आहेत. उन्हात राहिला तर झाकण एकदम उघडू नका, खटका हळू सोडा, फुस्स करून वाफ जाऊ द्या.

घेताना काय बघायचं: झाकण उघडून आत टॉर्च मारा, अस्तराचा रंग सलग पाहिजे, पोपडे दिसले तर सोडून द्या, ते पुढे फिल्टरमध्ये जातात. मधल्या वेल्डिंगवर बोट फिरवा, खडबडीत किंवा भोकं वाटली तर नको. नुसता दिसायला तसा पण पातळ पत्र्याचा माल पण मिळतो, अंगठ्याने दाबून बघा, आत गेला तर शोभेचाच आहे. डिझेलचा डबा पाण्याला वापरू नका, जर्मन लोक पाण्याच्या डब्यावर पांढरी फुली मारायचे ते उगाच नाही, मी पण डिझेलवाल्यावर पिवळा पट्टा मारलाय. किंमत प्लास्टिकच्या कितीतरी पट आहे, महिन्यातून एकदा लागत असेल तर घेऊ नका. रोजचं काम असेल तर घ्या, आणि चांगलं वायसर त्याच दिवशी बसवून टाका, पहिलं गळायची वाट बघू नका.