सेलो की लिथो? अमेरिकी प्रचारबिल्ले जमवायला घेताना

अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकांचे जुने बिल्ले जमवायचे मनात असेल, तर रूझवेल्ट घ्यावा की केनेडी हे सावकाश ठरवा. आधी बिल्ल्याची घडण ठरवा, कारण किंमत, टिकाऊपणा आणि फसगत तिन्ही तिच्याशी बांधलेली आहेत.

सेलो म्हणजे सेल्युलॉइडचा बिल्ला. छापील कागदाची चकती, तिच्यावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा, हे दोन्ही धातूच्या चकतीवर ताणून मागून कड्याने घट्ट धरलेले. १८९६ च्या मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन या अध्यक्षपदाच्या लढतीत हे बिल्ले पहिल्यांदा भरमसाट निघाले. न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीचे नमुने हातात घेतले की रंगांचा ताजेपणा पाहून थक्क व्हायला होतं. लिथो आला पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. त्यात कागद नाही, पापुद्रा नाही. चित्र थेट पत्र्यावर छापायचं आणि पत्रा कापून-दाबून बिल्ला करायचा. काम स्वस्त, आणि दिसतंही तसंच.

सेलोचा शत्रू ओल. ती आत शिरली की कागदावर तपकिरी डाग उठतात, आणि पापुद्र्याखालचा डाग पुसणार कसा? लिथोवर ओरखडे पडतात, रंग उडालेल्या जागी गंज धरतो. पण लिथोचा दोष निदान लगेच दिसतो. सेलोवरची बारीक चीर समोरून काढलेल्या फोटोत चकाकीआड लपते, म्हणून तिरप्या उजेडातला आणि मागच्या बाजूचा फोटो मागितल्याशिवाय व्यवहार करू नये.

नकलांच्या बाबतीत मात्र हा फरक नवख्याच्या कामी येतो. १९६८ आणि १९७२ मध्ये कंपन्यांनी जाहिरातीसाठी जुन्या बिल्ल्यांचे संच काढले, आणि मूळ सेलोंच्या या नकला लिथोत छापल्या. तेव्हा मॅकिन्ली किंवा ब्रायन थेट पत्र्यावर छापलेला दिसला, की पुढे बोलणंच नको. कडेवर बारीक अक्षरांत नकलेची खूण असते. कुणीतरी ती खरवडलेलीही असते. नकलेवर निर्मितीचं वर्ष घालण्याची सक्ती करणारा कायदा १९७३ चा, म्हणजे या संचांनंतरचा, म्हणून त्यांना ती सक्ती नव्हती.

जुना म्हणजे महाग, हा हिशेब इथे चालत नाही. मॅकिन्लीचे साधे सेलो इतके निघाले होते की सव्वाशे वर्षांनंतरही ते परवडतात. उलट १९२० च्या कॉक्स आणि फ्रँकलिन रूझवेल्ट या अध्यक्ष-उपाध्यक्षपदाच्या उमेदवार जोडीचे दोन्ही चेहरे असलेला बिल्ला इतका दुर्मीळ आहे की त्यासाठी हजारो डॉलर मोजले जातात.

बजेट बेताचं आणि हौस मोठी असेल तर लिथो घ्या. आयसेनहॉवरचे, म्हणजे आइकचे, ‘आय लाइक आइक’ सहज मिळतात. त्याहून मजेशीर १९४० चे, रूझवेल्टचा प्रतिस्पर्धी विल्की याच्या बाजूचे: रूझवेल्टच्या तिसऱ्या खेपेला टोमणे मारणाऱ्या घोषणांनी नुसते भरलेले. मी स्वतः मात्र दहा लिथोंच्या पैशांत एक स्वच्छ सेलो घेईन.

लिंकनच्या १८६० च्या फेरोटाइपचा, म्हणजे धातूच्या चौकटीतल्या इवल्याशा छायाचित्राचा, मोह कुणालाही होईल. एका बाजूला लिंकन, दुसऱ्या बाजूला उपाध्यक्षपदाचे उमेदवार हॅम्लिन. पण सुरुवात तिथून नको. घ्यायचाच झाला, तर ‘अमेरिकन पोलिटिकल आयटम्स कलेक्टर्स’ या १९४५ पासूनच्या संघटनेतल्या एखाद्या जाणत्याला आधी दाखवा, मग पैसे मोजा.