म्हापशाचं एक पेट शॉप: मासे खुशाल घ्या, अजगर घेऊ नका

५ पैकी २ स्टार, आणि ते दोन्ही माशांच्या सेक्शनसाठी. दुकान म्हापसा मार्केटपासून जवळ आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. टाक्या स्वच्छ, गप्पी आणि मॉली तरतरीत, माशांबद्दल काही विचारलं तर माणूस नीट सांगतो. दोन वर्षं मी फूड आणि फिल्टरचा स्पंज इथूनच नेतोय, त्यात काही तक्रार नाही.

तक्रार आतल्या खोलीची. यावेळी भाचा बरोबर होता, नववीत आहे, सापांचं भयंकर वेड. दुकानदाराने ते ओळखलं आणि आत नेऊन प्लास्टिकच्या डब्यातलं बॉल पायथन या छोट्या अजगराचं पिल्लू दाखवलं. पोरगा तिथेच विरघळला. मग मोबाईलवर फोटो, पिवळाधमक अल्बिनो बर्मीज अजगर, "ऑर्डर दिली तर आणून देतो". मी म्हटलं अहो केवढा होतो माहितीय ना, तर म्हणाला, "पात्रांव (म्हणजे साहेब), कांय त्रास ना, पंदरा दिसांनी एक उंदीर दिलो की जालें."

हे ऐकून मला खरंच राग आला, कारण मला साप आवडतात आणि पूर्ण वाढलेला अजगर हातात धरणं काय असतं ते मला माहितीय. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या वाड्यावर शेजारच्या काकींच्या खुराड्यात आर शिरला होता (आमच्याकडे अजगराला आर म्हणतात), नऊ फुटांच्या आसपास असेल. वनखात्याची दोन माणसं आली, त्यांनी डोकं आणि मधला भाग सांभाळला आणि शेपटाकडे मी. दोन मिनिटं माझ्या मनगटाला विळखा होता तेवढ्यात बोटं बधिर. अजगर श्वास कोंडून मारतो असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्या आवळण्याने आधी रक्तप्रवाहच थांबतो, हे मला त्या दिवशी मनगटावर कळलं. तो बिचारा घाबरलेला होता, चावलाही नाही. आणि तिघं होतो म्हणून जमलं.

बर्मीज त्याहून मोठा. अंड्यातून निघतो तेव्हा जेमतेम दोन फूट, पहिल्या वर्षातच सहा-सात फूट जातो, मादी पुढे सहज १५ फूट आणि वजन ५० किलोच्या वर. फ्लोरिडात २०२३ मध्ये पकडलेला तर १९ फुटांचा होता. आठ फुटांच्या पुढचा साप एकट्याने हाताळायचा नाही हा नियम पाळणारे पाळतात, मग भाचा कॉलेजला गेल्यावर दुसरा माणूस कोण, माझी ताई? ती पालीला घाबरते. आणि त्यांचा पर्वरीचा टू बीएचके, तिथे आठ बाय चारचा पिंजरा ठेवायचा तर एक बेडरूम गेलीच, आणि तेवढ्या पिंजऱ्यातही १५ फुटी जनावर अंग सरळ करू शकत नाही. एक उंदीर पहिले काही महिने, नंतर ससे आणि अख्ख्या कोंबड्या. मेलेलंच द्यावं लागतं, कारण जिवंत उंदीर सापालाच कुरतडतो, म्हणजे घरच्या फ्रीजरमध्ये ताईच्या बांगडा माशांशेजारी ससे. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर ओकून टाकतो. वीसेक वर्षं जगतो. चवथीला (गणपतीत) सगळे गावच्या घरी जातात तेव्हा याच्याकडे कोण बघणार, आजारी पडला तर कुत्र्यामांजरांचा डॉक्टर बघेलच असं नाही, यातलं एक अक्षर दुकानदाराने काढलं नाही. घर केवढं, घरात लहान मूल आहे का, हेही विचारलं नाही.

कायद्याचं तर बोलायलाच नको. आपला आर वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, पाळणं सोडा, पकडून ठेवणंही गुन्हा. बर्मीज ईशान्य भारतात रानात सापडतो, म्हणजे तोही परदेशी म्हणून विकता येत नाही. बॉल पायथन आफ्रिकेचा, पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार असल्या प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, मालक बदलला की तेही कळवायचं. मी कागद मागितले. "व्हॉट्सअॅपवर पाठवतो." आजपर्यंत आले नाहीत.

मला सगळ्यात भीती याची वाटते की साप झेपेनासा झाला की माणूस रात्री गाडीत घालून चोर्ला नाहीतर मोलेच्या जंगलात सोडून येईल. फ्लोरिडात हेच झालं, पाळलेले सोडून दिले, १९९२ च्या वादळात एका पैदास केंद्रातलेही सुटले, आणि आज तिथल्या एव्हरग्लेड्सच्या पाणथळ रानात ससे, रॅकून जवळजवळ दिसत नाहीत. आपल्याकडे तर दमट, गरम, वर्षभर खायला भरपूर, बर्मीज आरामात जगेल, आणि आपल्या आराशी त्याचा संकरही होतो.

बॉल पायथन त्यातल्या त्यात लहान, चार-पाच फूट. तरी तोही वीस-तीस वर्षांचा सोबती, आणि कागद नसेल तर नकोच. भाच्याला हे सगळं स्कूटरवर सांगत आणलं, तो करासवाड्यापर्यंत गप्प होता, मग म्हणाला मामा, मग त्या डब्यातल्याचं काय.

म्हणून दुसऱ्या दिवशी परत जाऊन दुकानदाराला सांगितलं, त्याला लपायला निदान अर्धी करवंटी उपडी घालून ठेव, उघड्यावर तो सारखा घाबरलेला राहतो. परवा बघितलं तर करवंटी ठेवलेली होती. पाण्याची वाटी मात्र कोरडी होती, ती मीच भरली.